विश्लेषण : मोबाइलवर फुंकर मारून शरीरातली चरबी कळते का?

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक ॲप फिरत होतं. मोबाइल तोंडासमोर धरा, खोल श्वास घ्या, जोरात फुंका आणि शरीरात किती टक्के चरबी आहे ते पाहा. सुई नाही, फी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अर्ध्या सोसायटीने आपापले आकडे टाकले होते. अंगाने बारीक असलेल्या एका काकांना ‘उत्तम’ असा शेरा मिळाला. ‘आता साखर तपासायची गरज नाही,’ असं त्यांनी खाली लिहिलं. हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे.

मी इंजिनीअरिंग शिकलेय, त्यामुळे आधी ॲपचीच परीक्षा घेतली. माहितीत माझं वजन 10 किलोने वाढवलं आणि आधीसारखीच फुंकर मारली. चरबीचा आकडा वाढला. मग वजन पूर्ववत केलं आणि तोंडाऐवजी टेबल फॅन मोबाइलसमोर धरला. आकडा जवळपास माझाच आला. पंख्याला चरबी नसते.

मग हा आकडा येतो कुठून?

उंची, वजन, वय आणि लिंग एवढं दिलं की चरबीचा अंदाज सांगणारी सूत्रं कित्येक वर्षांपासून वापरात आहेत. पॉल ड्युरेनबर्ग आणि सहकाऱ्यांचं 1991 सालचं सूत्र त्यातलं प्रसिद्ध. बीएमआयला 1.2 ने गुणा, वयाला 0.23 ने गुणून त्यात मिळवा, 5.4 वजा करा आणि पुरुष असेल तर आणखी 10.8 वजा करा. यात श्वास कुठेच नाही. फुंकर काढून टाकली तरी उत्तर अडत नाही.

श्वासातून काहीच कळत नाही का?

कळतं, पण वेगळं. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या संशोधकांनी 2012 मध्ये ‘स्पायरोस्मार्ट’ हे ॲप मांडलं होतं. फुंकरीच्या आवाजावरून ते हवेच्या प्रवाहाचा, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेचा अंदाज घेत होतं. पोटावर चरबी वाढली की श्वासपटलावर दाब येतो आणि काही मोजमापं घटतात, हेही खरं. पण उंची, वय, दमा, धूम्रपान यांनीही फुंकर बदलते. समीकरण एक आणि अज्ञात पाच, असं गणित सुटत नाही.

दुसरा मार्ग ॲसिटोनचा. चरबी जळताना तयार होणारा हा वायू श्वासात उतरतो. जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीने 2011 मध्ये मोबाइलला जोडता येणारं असं उपकरण दाखवलं होतं. त्यासाठी वायू ओळखणारा वेगळा सेन्सर लागतो. आपल्या फोनमधला माइक फक्त आवाज ऐकतो, वास घेत नाही. शिवाय ॲसिटोन सांगतं ते चरबी किती जळतेय याबद्दल; साठा किती आहे हे नाही. कडक उपवासात ते वाढेल, साबुदाण्याच्या खिचडीवर केलेल्या ‘दुप्पट खाशी’ एकादशीला फारसं वाढणार नाही. आणि मधुमेहींमध्ये इन्सुलिन फार कमी पडलं तरी ते वाढतं. तेव्हा ती शाबासकी नसते, तातडीने दवाखाना गाठण्याची वेळ असते.

बारीक माणसाने निर्धास्त राहावं का?

याचं उत्तर पुण्यात मिळतं. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. डेक्सा स्कॅनमध्ये मात्र युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. वय 50 धरून वरचं सूत्र लावलं तर दोघांनाही सुमारे 22 टक्के असं एकच उत्तर मिळतं. एकाला जवळपास बरोबर, दुसऱ्याला दुपटीहून जास्त.

पुण्याजवळच्या गावांमधल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं हलकी होती, स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार, ही आपली ठेवण जन्मापासूनची. म्हणून ‘उत्तम’ शेरा सगळ्यात महाग पडतो तो आमच्या त्या काकांसारख्यांना.

मग मोजायचं काय?

शिंप्याची टेप घ्या. 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेल्या निकषांनुसार पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरपर्यंत असावी. बीएमआय 23 च्या पुढे गेला की वजन जास्त. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय सरकारी आरोग्य केंद्रांत आहे. बसून डोंबिवली-ठाणे प्रवास, मग बसून आठ तास काम करणाऱ्या आपल्या पिढीने तिशीचीही वाट पाहू नये.

ॲप गंमत म्हणून वापरायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्याला ‘चाचणी’ म्हणण्याला. चाचणी म्हणायची तर ती कुणावर तपासली, किती चुकते, हे सांगायला हवं. ते नसेल तर माइकची परवानगी देऊ नका आणि ग्रुपवर पुढेही पाठवू नका.

काकांना मी टेप दिली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती धरायची. पोट आत ओढायचं नाही. श्वास सहज सोडायचा आणि मग आकडा वाचायचा. त्यांचा आला 94. साखर तपासायला ते सोमवारी जाणार आहेत.