चोपण जमीन : परीक्षा आधीं, उपचार मागाहून

कालव्याच्या पाण्यावर सतत ऊस घेतलेल्या भारी काळ्या जमिनी बिघडत असल्याची तक्रार नीरा व कृष्णा यांच्या खोऱ्यांत फार दिवसांची आहे. शेतांत पांढरें फूल दिसूं लागलें कीं बागाईतदार जिप्समचीं पोतीं आणून टाकतो, आणि पीक न सुधारल्यास जिप्समलाच बोल लावतो. आमच्या मतें दोष औषधाचा नसून परीक्षेवांचून केलेल्या चिकित्सेचा आहे.

पांढरें फूल दोन निरनिराळ्या विकारांत दिसतें. खारवट जमिनींत विद्राव्य क्षार सांचलेले असतात, पण सामू सहसा ८.५ च्या आंत असतो. तिला चर काढून निचरा देणें व गोड्या पाण्यानें क्षार धुऊन काढणें पुरतें. चोपण जमिनींत सोडियम मातीच्या कणांनाच धरून बसतो व सामू ८.५ च्या वर जातो. अशी माती ओलेपणीं चिकट, वाळल्यावर टणक, आणि तींत पाणी मुरत नाहीं. येथें सोडियमला हुसकावण्यास जिप्सममधील कॅल्शियम हवा; मात्र सुटलेला सोडियम वाहून जाण्यास चर येथेंहि हवेतच.

अल्कली ओळखण्याची युक्ति घरोघर ठाऊक आहे. हळदींत चुना कालविला कीं ती तांबडी होते, हा अल्कलीचाच गुण होय. शेताच्या परीक्षेसाठीं एक भाग माती अडीच भाग पावसाच्या पाण्यांत ढवळून वरचें पाणी घ्यावें. विहिरीचें पाणी वापरूं नये. तें स्वतःच अल्कलीयुक्त असूं शकतें. तांबडा लिटमस कागद चुनखडीच्या चांगल्या मातींतहि निळा होऊं शकतो, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊं नये. फिनॉल्फ्थॅलिनच्या थेंबानें स्पष्ट गुलाबी रंग आला, तर मात्र चोपणाचा संशय घ्यावा. आम्लानें माती फसफसली म्हणून ती चोपण ठरत नाहीं. तो फेस चुनखडीचा असतो.

रंगानें विकार कळतो, औषधाची मात्रा कळत नाहीं. एकरीं जिप्सम किती, हें प्रयोगशाळेनेंच ठरवावें. सन २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेंत सामू व विद्युत्‌वाहकता हे दोन्ही आंकडे असतात. पण आमचे पुष्कळ बंधु नत्र, स्फुरद व पालाश एवढेंच वाचून पत्रिका फडताळांत ठेवतात. खताचा हिशेब मागाहून करावा, हे दोन आंकडे आधीं वाचावेत. ज्या भूमींत पाणीच मुरत नाहीं, तेथें घातलेलें खत म्हणजे पदरचा पैसा मातींत घालणेंच होय.