धामणीचे धनुष्य
धनुष्याचे लाकूड नुसते कठीण असून भागत नाही. दोरी ओढली की दांड्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडील बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे धनुर्धराकडील बाजू, दाबले जाते, तेव्हा हे दोन्ही भार सोसून पूर्वीचा आकार धरणारे लाकूडच येथे उपयोगी पडते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग असे धनुष्याचे चार प्रकार नोंदलेले आहेत; त्यांपैकी बांबू आजही सहज मिळतो, मात्र लाकडी दांड्यासाठी पानगळीच्या जंगलात विरळ वाढणारी धामण शोधावी लागते. ही धामण धक्का सोसण्यात सागालाही मागे टाकते, म्हणूनच कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडीही तिच्याच केल्या जात. चांगला कारागीर सरळ, बिनगाठीचे खोड निवडतो, ते करवतीने न कापता पाचर ठोकून रेषांच्या दिशेने फाडतो, कारण पाठीवरील एक जरी तंतू मध्येच तुटला तरी दांडा तेथेच उकलतो. नंतर टोकांना मेण लावून तो सावलीत सावकाश वाळवतो. असे झाड केवळ साग आणि निलगिरी लावून मिळणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनी आपल्या रोपवाटिकांत धामणीला हक्काची जागा दिलीच पाहिजे, कारण झाड नाहीसे झाले की ते पारखणारी नजरही एका पिढीतच संपते.