वाचनालयाची वेळ कोणाच्या सोयीची?

मैत्रिणींनो,



दर माघ पौर्णिमेला कचारगडला यात्रा भरते. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या डोंगरात ही गुहा आहे. आसपासच्या राज्यांतून गोंड समाजाची माणसे येतात, दरेकसा स्टेशनवर उतरतात, धनेगावहून 'जय सेवा' म्हणत डोंगर चढतात. यात्रेत गोंडी भाषेच्या आणि इतिहासाच्या पुस्तकांची दुकाने लागतात. त्यांच्या कडेला ताडपत्री अंथरून काही वर्षांपासून मीही बसते. माझ्या पेटीतली मुलांची पुस्तके विकायची नसतात, तिथे बसून वाचायची असतात. जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग मी सांभाळते, हे तुमच्यापैकी अनेकींना माहीत आहे.

यंदा बारा-तेरा वर्षांची एक मुलगी कडेवर लहान भावाला घेऊन आली. उभ्यानेच तिने अर्धे पुस्तक वाचले. "बस ना," म्हटले, तर म्हणाली, "बसली तं हा रडते, बाई." तिचे गाव आमच्या वाचनालयापासून सायकलने जाण्याइतके जवळ निघाले. वाचनालय किती वाजता उघडते, असे तिने विचारले. संध्याकाळी चार ते आठ, असे मी सांगितले. ती हसली. "तव्हा तं भात मांडा लागते," म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण हे उत्तर मला नवे नव्हते. माझ्याच घरात ते माझ्यासमोर होते आणि मी ते पाहिले नव्हते. म्हणून या वेळचे संपादकीय वाचनालयाच्या वेळेबद्दल लिहीत आहे. विषय लहान वाटेल, पण तो आपल्या चळवळीच्या अगदी जवळचा आहे.

पूर्वी आमचा बालविभाग दुपारी बारा ते पाच उघडा असे. माझ्या दृष्टीने ती वेळ सोयीची होती. सकाळचा स्वयंपाक आणि डबे आटोपून जायचे, दिवेलागणीच्या आत घरी यायचे. पण त्या वेळी मुले शाळेत असत. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर बालसभासद बोटांवर मोजण्याइतके उरले. तेव्हा मीच मागे लागले आणि कार्यकारिणीने वेळ बदलली. मुले येऊ लागली. गोष्टीच्या तासाला सतरंजी पुरेना. निर्णय बरोबर ठरला, याचा मला आनंद होता. मानधन मात्र तेवढेच राहिले, आणि तेही सहा-सहा महिने थकत होते.

घरी सुरुवातीला गोंधळ उडाला. नवरा राईस मिलमध्ये मुनीम आहे, तो साडेसहापर्यंत घरी येतो. सासूबाईंना गुडघ्यांमुळे उभे राहवत नाही. "पुस्तकं तर द्यायची-घ्यायची, त्याच्यासाठी एवढी रात्र?" असे घरात हसत हसत म्हटले गेले. मी पहाटे उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक करू लागले, तो संध्याकाळपर्यंत गार होई. मग हळूहळू सगळे सुरळीत झाले. वेळेवर ताटे वाढली जाऊ लागली. घराने माझे काम स्वीकारले, असे मला वाटले.

मार्चअखेरीस देवघेव नोंदवही तपासत होते. पाने उलटताना माझ्या मुलीचे पान समोर आले. ती तेव्हा नववीत होती. आठवड्याला दोन-दोन पुस्तके नेणारी ही मुलगी. पण वाचनालयाची वेळ बदलली त्यानंतर तिच्या नावावर एकही नोंद नव्हती. घर सुरळीत झाले होते ते तिच्यामुळे. मी दुसऱ्यांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवत होते, त्या वेळी ती कणीक मळत होती. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा मुलगा त्याच वेळी मैदानावर क्रिकेट खेळत असे. त्याला कोणीच काही सांगितले नव्हते. मीही नाही. श्रमविभागणीवर शिबिरांत बोलणारी मी!

मग तीच नोंदवही मी वेगळ्या नजरेने वाचली. चौथी-पाचवीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने पुस्तके नेतात. सातवी-आठवीच्या सुमारास त्यांची पाने रिकामी होत जातात. रोवणीच्या दिवसांत, मोहफूल वेचण्याच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात तर आधीच रिकामी होतात. आई शेतावर किंवा जंगलात गेली की घर आणि लहान भावंडे मुलीकडे येतात. इतकी वर्षे वार्षिक अहवालात मी या मुलींबद्दल 'वाचनाची गोडी कमी झाली' असे लिहीत आले. गोडी होती तशीच होती. कमी झाला होता तो त्यांचा वेळ.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांतले एक. आम्ही ते प्रशिक्षणात शिकतो, आणि पुस्तक चटकन सापडावे म्हणून कपाटांना क्रमांक लावतो. पण ज्या वाचकाच्या वाट्याला स्वतःचा वेळच येत नाही, तिचे काय? देशाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात सहा वर्षांच्या मुलींपासून सर्वांची मोजणी आहे. त्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोज सरासरी २८९ मिनिटांचा वेळ बिनपगारी घरकामात जातो, पुरुषांचा ८८ मिनिटांचा. तीही घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी. जे काहीच करत नाहीत ते त्या हिशेबात नाहीतच.

आता दुसरी बाजू, कामाच्या मोबदल्याची. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. संस्था वाचनालय चालवतात, शासन अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देते. या वाचनालयांत काम करणाऱ्यांना शासनाची वेतनश्रेणी नाही. २०२२ साली अनुदानात साठ टक्के वाढीचा निर्णय झाला. तोवर खेड्यातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला तीस हजार रुपये मिळत. त्यातच पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, भाडे आणि काम करणाऱ्या माणसाचा मोबदला. शाळांचे पाहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. पण पुस्तके सांभाळणारे माणूस प्राथमिक शाळेला दिलेले नाही. मग पुस्तक हरवले तर जबाब कोणी द्यायचा, या धास्तीने कपाटाला कुलूप लागते.

मुलांना पुस्तकाशी जोडणे हे शिकून करण्याचे काम आहे. कोणत्या वयाला काय द्यावे, घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी पुस्तकात कसे उतरवावे, न बोलणाऱ्या मुलीला कसे बोलते करावे, हे अनुभवाने आणि अभ्यासाने येते. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे एकोणतीस लाखांहून अधिक आहेत, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. गोंडीतल्या बालपुस्तकासाठी यात्रेतच शोधाशोध करावी लागते. पण हे काम बहुधा बाई करते म्हणून त्याला माया म्हणतात, सेवा म्हणतात. मायेला वेळापत्रक आणि पगार मागणारी बाई मग हिशेबी ठरते.

कचारगडची परंपरा सांगते की, माता काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि वाद्याचा जाणकार हिरासुका पाटालीर यांच्यामुळे ती बाहेर आली. या मुलांचा सांभाळ करणारी म्हणून रायताड जंगोला गोंड समाज आजही मानतो. सांभाळणाऱ्या स्त्रीचे नाव या कथेत पुसले गेलेले नाही, ते आदराने घेतले जाते. आमच्या अंदाजपत्रकात मात्र ती 'इतर खर्च' या रकान्यात असते.

मग आम्ही काय केले, ते सांगते. नोंदवहीतले ते पान मी घरी नेले आणि सगळ्यांसमोर ठेवले. बोलणी सोपी झाली नाहीत. शेवटी संध्याकाळचा भात-भाजी नवरा आणि मुलगा करतील असे ठरले. पहिल्या आठवड्यात भात करपला, सासूबाईंनी तो निमूट खाल्ला. म्हणाल्या, "म्याच त्याले कधी चूल दाखवली नाही." अजूनही आठवड्यातून एक-दोनदा काही ना काही कारण निघतेच. मुलगी पुन्हा पुस्तके नेते, आणि भावाच्या वरणात मीठ जास्त असते असे सांगते.

कार्यकारिणीपुढे मी तीन गोष्टी मांडल्या. रविवारी दुपारी मुलींसाठी वेळ ठेवावा आणि भावंडाला घेऊन आले तरी चालावे, हे मान्य झाले. पुस्तकांची पेटी आठवड्यातून एकदा जवळच्या गावातल्या अंगणवाडीत न्यावी, हेही झाले. मला लेखी नेमणूकपत्र आणि मानधनाची ठरलेली तारीख मिळावी, यावर 'विचार करू' एवढेच उत्तर आहे. तो लढा चालू आहे.

यात्रेतल्या त्या मुलीला मी पुस्तक घरी नेऊ दिले. ते अजून परत आलेले नाही. पेटी तिच्या गावाला पोहोचेल तेव्हा विचारीन. हरवले अशी नोंद मी केलेली नाही.

मैत्रिणींनो, आपापल्या गावच्या वाचनालयात एकदा जा. मुलींची पाने कोणत्या इयत्तेपासून रिकामी होतात ते पाहा. वाचनालय उघडे असते तेव्हा त्या मुली घरी काय करत असतात ते विचारा. तिथे काम करणाऱ्या बाईला किती मानधन मिळते, कधी मिळते, आणि ती घरी परतल्यावर तिच्या घरात चूल कोणी पेटवलेली असते, हेही विचारा. शाळेच्या व्यवस्थापन समितीत असाल तर पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मागा. पाळणाघर, पाणी, रेशन या मागण्यांच्या यादीत वाचनालयाच्या वेळेची मागणीही लिहा.

जे आढळेल ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवत आहोत.

तुमची मैत्रीण,
संपादक मंडळासाठी