बोटीवरचं इंग्रजी

दहावीचा निकाल लागला की या सदराकडे रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातून पालकांची पत्रं येऊ लागतात. मुलाला बोटीवर पाठवायचंय. जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशाच्या नोकरीचा कोर्स कुठून करावा, फी किती पडेल, सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, कधी हातात येईल, खात्रीचा एजंट कसा ओळखावा. सगळे प्रश्न रास्त आहेत. इंग्रजीबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं. विचारलंच तर एवढंच, की दहावीला इंग्रजीत चाळीस टक्के आहेत, चालेल ना? प्रवेशाला चालतात, नियमच तेवढा आहे. पण त्या चाळीस टक्क्यांच्या भरवशावर पुढची वीस-पंचवीस वर्षं काढता येत नाहीत, आणि हे मुलाला घर सोडण्याआधी कुणीतरी सांगायला हवं.

व्यापारी जहाजावर साधारण वीस-बावीस माणसं असतात. कॅप्टन युक्रेनचा, चीफ इंजिनिअर कोरियाचा, बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फिलिपिन्सचा आणि सुकाणूवर आपला गुहागरचा पोरगा, हे आता नेहमीचं झालंय. खलाशांच्या प्रशिक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, एसटीसीडब्ल्यू, त्यात नॅव्हिगेशनच्या पाळीवरच्या खलाशाला स्वच्छ अट आहे: सुकाणूचे हुकूम इंग्रजीतून दिले तरी ते त्याला पाळता आले पाहिजेत. अधिकारी ‘पोर्ट टेन’ म्हणाला की सुकाणूवरच्याने आधी ‘पोर्ट टेन’ असं मोठ्याने उच्चारायचं आणि मग सुकाणू दहा अंश डावीकडे घ्यायचं. हुकूम परत उच्चारला की ऐकण्यात चूक झाली असेल तर ती जहाज वळण्याआधीच कळते.

या बोलण्याला नियम आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये जहाजावर वापरायची ठरावीक वाक्यं मंजूर केली. त्यात दिशा 150 असेल तर ‘वन-फाइव्ह-झिरो’ असा एकेक आकडा सुटा म्हणायचा, पण सुकाणूचा कोन 15 असेल तर सरळ ‘फिफ्टीन’. ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ असे दोन अर्थ निघणारे शब्द टाळायचे. प्रश्न विचारायचा असेल तर आधी ‘क्वेश्चन’ म्हणायचं, इशारा द्यायचा असेल तर ‘वॉर्निंग’, म्हणजे खरखरत्या रेडिओवर ऐकणाऱ्याला पुढे काय येतंय ते कळतं. हे इंग्रजी आटोपशीर आहे. त्यात ना वाङ्मय आहे ना फर्डेपणा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला ते नेटाने वर्षभरात येऊ शकतं, हे मी पूर्ण खात्रीने लिहितोय. इंग्रजी शाळेतल्या मुलालाही ते आयतं येत नाही. त्यालाही शिकावंच लागतं.

अवघड भाग वेगळाच आहे. आपल्या मुलांना समजलं नाही तरी ती ‘येस सर’ म्हणतात. घरात वडिलांना, शाळेत सरांना उलट प्रश्न विचारायची सवय नसते, आणि त्यातून इंग्रजीचा संकोच. कॅप्टनचा उच्चार कळला नाही, तरी पुन्हा सांगा म्हणायची लाज वाटते. जहाजावर ही लाज जीवघेणी ठरू शकते. बोलणं तुटलं की काय होतं ते पाहा. 7 एप्रिल 1990 च्या पहाटे ओस्लोहून डेन्मार्ककडे निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजाला आग लागली आणि 159 माणसं गेली. खलाशांतल्या अनेक पोर्तुगीजांना ना प्रवाशांची भाषा येत होती ना इंग्रजी. दारं कुठली, पळायचं कुठून, हे सांगायचं कुणी? 7 नोव्हेंबर 2007 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या दाट धुक्यात ‘कॉस्को बुसान’ हे मालवाहू जहाज बे ब्रिजच्या खांबाच्या संरक्षक कठड्याला घासलं आणि सुमारे दोन लाख लिटर इंधन खाडीत सांडलं. जहाजाला बंदरातून वाट दाखवणारा पायलट अमेरिकन, कॅप्टन चिनी. पायलटने इलेक्ट्रॉनिक नकाशावरच्या लाल खुणांचा अर्थ विचारला आणि कॅप्टनने तो चुकीचा सांगितला. पायलटच्या स्वतःच्या चुका मोठ्या होत्या, त्याला तुरुंगवासही झाला. तरी चौकशीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: त्या दोघांमध्ये जसं बोलणं व्हायला हवं होतं तसं झालंच नाही.

म्हणून बोटीवर जाण्याआधीचं शिक्षण देणाऱ्या प्री-सी संस्थांकडे माझी मागणी आहे. व्याकरणाचा तास वाढवू नका. रोज अर्धा तास मुलांना बोलतं करा, रेडिओवर बोलतात तसं. फिलिपिनो, रशियन, चिनी उच्चारातलं इंग्रजी त्यांच्या कानावर घाला. आणि ‘मला समजलं नाही, पुन्हा सांगा’ हे वाक्य त्यांच्याकडून इतक्यांदा म्हणवून घ्या की ते म्हणताना मान खाली जाणार नाही. जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या मॅनिंग कंपन्या संगणकावर इंग्रजीची चाचणी घेतात. तिची उत्तरं पाठ करून येणाऱ्या मुलाचा पुढे जहाजावर काहीच निभाव लागत नाही.

बढतीचंही तेच. ओएसचा (ऑर्डिनरी सीमन) एबी (एबल सीमन), एबीचा बोसन, इथवर हात चालतात. खलाशाला पुढे अधिकारी होण्याची वाटही नियमात आहे, पण सेकंड मेट या अधिकारीपदाच्या परीक्षेची तोंडी परीक्षा इंग्रजीत असते. दहा वर्षं समुद्र पाहिलेला माणूस परीक्षकासमोर बसतो, उत्तर त्याला माहीत असतं, त्याने ते शंभरदा हाताने केलेलं असतं, आणि दोन वाक्यं जुळत नाहीत म्हणून तो परत येतो. नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. सिंगापूर, दुबई, लंडनमधल्या जहाज व्यवस्थापनाच्या कचेऱ्यांतल्या किनाऱ्यावरच्या नोकऱ्या अधिकारी झालेल्यांना मिळतात. बोसनला गुडघे दुखू लागेपर्यंत डेकच असतो.

आता करारनाम्याकडे येतो, कारण सर्वांत जास्त काळजी मला त्याचीच वाटते. 2006 चा सागरी कामगार करार 2013 पासून लागू आहे आणि भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. सही करण्याआधी करारनामा वाचायला आणि कुणाचा सल्ला घ्यायला वेळ मिळणं हा त्याचा हक्क आहे. मालकाने दोन महिने पगार दिला नाही आणि हात झटकले, तर तो खलाशी ‘सोडून दिलेला’ ठरतो. अशा वेळी चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च यांची विम्यासारखी हमी जहाजाला ठेवावीच लागते. त्या हमीचं प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल अशा जागी लावलेलं असतं. त्यावर हमी देणाऱ्याचं नाव आणि संपर्क असतो, तोही इंग्रजीत. परक्या बंदरात महिनोन् महिने अडकलेला आपला मुलगा रोज त्या कागदासमोरून जातो आणि घरी फोन करून म्हणतो की कुणाला सांगावं कळत नाही.

त्याला लागतं ते एक ईमेल. जहाजाचं नाव, आयएमओ क्रमांक, बंदर, कोणत्या तारखेपासून पगार नाही, किती जण आहेत, पाणी आणि रेशन किती दिवसांचं उरलंय. साध्या इंग्रजीतली सात-आठ वाक्यं. ती हमी देणाऱ्याला जातात, आपल्या नौवहन महासंचालनालयाला जातात, वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला, आयटीएफला जातात. असं पत्र लिहायचा सराव कोर्समध्येच, वर्गात बसून, प्रत्येकाकडून करून घेता येईल. त्याला पैसेही लागत नाहीत.

तोवर पालकांनी एक करावं. करारनामा हातात आला की सहीआधी मुलाला घरी समोर बसवा, एकेक कलम मोठ्याने वाचायला लावा आणि त्याचा अर्थ त्याला मराठीत सांगू द्या. पगार कोणत्या चलनात, किती महिन्यांचा करार, आजारी पडला तर खर्च कुणाचा, परत आणायचं तिकीट कुणाचं. एखाद्या कलमाशी तो अडला तर गावातल्या निवृत्त बोटवाल्याकडे, शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंकडे जा. एजंट आजच सही हवी म्हणून घाई करत असेल तर त्याला उद्या या म्हणा.