चलनाला लगाम हवा, बेडी नको

सरकार नोटा छापते म्हणून महागाई वाढते; तेव्हा पैशाचे प्रमाण कायमचे ठरवून टाकावे, चलन पुन्हा सोन्याच्या खुंटीला बांधावे, असा विचार अधूनमधून डोके वर काढतो. महिनाअखेरची ओढाताण सोसणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला तो पटावा, यात नवल नाही. परंतु हा प्रयोग जगाने एकदा करून पाहिला आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे.

उत्पादन वाढत असता पैसा तेवढाच राहिला, तर किमती उतरू लागतात. स्वस्ताई ऐकायला गोड वाटते. पण किमतींबरोबर कर्जाचा आकडा उतरत नाही. दहा मण धान्यात फिटणाऱ्या देण्यासाठी वीस मण विकावे लागतात. उद्या माल आणखी स्वस्त होणार, असे दिसू लागले की नवा कारखाना काढण्यास कोणी धजत नाही. १९२९ नंतरच्या मंदीत हेच घडले. ब्रिटनने १९३१ मध्ये सुवर्णपरिमाण सोडले, अमेरिकेने १९३३ मध्ये त्याची पकड सैल केली. फ्रान्स मात्र १९३६ पर्यंत सोन्याला चिकटून राहिला. जे आधी सुटले, ते सामान्यतः आधी सावरले. हिंदुस्थानचा रुपया १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सांच्या दराशी जखडलेला होता. मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि कर्जबाजारी कुणब्याच्या घरातील दागिने मोडीत निघून ते सोने परदेशी गेले.

मग सत्ताधाऱ्यांना मोकळे रान द्यावे काय? मुळीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मधील ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात रुपयांच्या निर्मितीवर निश्चित मर्यादा मागितली, ती चलन राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडणे त्यांना धोक्याचे वाटले म्हणूनच. स्वातंत्र्यानंतरच्या अनुभवाने ही शंका खरी ठरविली. तात्पुरती सरकारी बिले रिझर्व्ह बँकेकडे देऊन तूट भरून काढण्याची सोयीस्कर प्रथा १९९७ मध्ये बंद झाली, तेव्हा तिने चार दशके ओलांडली होती. पुढे २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन महागाईचे लक्ष्य ठरविण्याची तरतूद झाली आणि ते ४ टक्के, दोन टक्के कमीअधिक, असे ठरले.

तात्पर्य, वाढत्या उत्पादनाला वाढता पैसा हवाच. मात्र ती वाढ किती, याचे बंधन खाणीतील धातूने नव्हे, तर लोकांनी केलेल्या कायद्याने घातले पाहिजे. ते पाळले जाते की नाही, यावर सुशिक्षित नागरिकांनी डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला नाही, तर कायदाही कागदावरच राहील.