रक्ताचा अहंकार आणि परदेशी गेलेली लेकरे

सहा-सात वर्षांचे पोर 'फार मोठे झाले' म्हणून महाराष्ट्रातले दांपत्य नाकारते, आणि त्याच पोरासाठी इटली, स्पेन किंवा अमेरिकेतले जोडपे कागदपत्रांचे डोंगर उपसून सातासमुद्रापारहून येते. याला दैवयोग म्हणून हात झटकणे आम्हाला मान्य नाही. हा आपल्या समाजाने दिलेला निवाडा आहे, आणि तो लाजिरवाणा आहे.

कायद्याने आधी हाक आपल्यालाच मारली होती. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 सालीच बजावले की अनाथ बालकावर पहिला हक्क त्याच्या देशातल्या घराचा. तसे घर मिळाले नाही तरच परदेश. आज देशात तीस हजारांहून अधिक दांपत्ये दत्तकाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभी आहेत. तरीही 2024-25 साली झालेल्या 4,515 दत्तकविधानांपैकी 360 बालके परदेशी गेली. परदेशी जाणाऱ्यांत मोठा भरणा कोणाचा? वयाने वाढलेल्या, अपंग, आजारी लेकरांचा. रांगेतल्या बहुतेकांना हवे असते दोन वर्षांच्या आतले, निरोगी, जमल्यास उजळ रंगाचे बाळ. ही मुलाची ओढ म्हणायची की बाजारातली पारख?

गेवराईकरांनो, हा प्रश्न पुण्या-मुंबईचा म्हणून सोडून देऊ नका. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे अवघ्या 807 मुली असलेला हा बीड जिल्हा आहे. दसरा-दिवाळीला हातात कोयता घेऊन इथली हजारो बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्या फरफटीत किती संसार मोडतात आणि किती लेकरे उघड्यावर पडतात, हे इथल्या वाड्यावस्त्यांना सांगायला नको. ऊसतोड कुटुंबातच वाढलेल्या संतोष गर्जे यांनी 2004 साली याच गेवराईत अशा लेकरांसाठी 'सहारा' या अनाथालयाची उभारणी सुरू केली. एका तरुणाला जे दिसले, ते आमच्या पुढाऱ्यांना आणि साखरसम्राटांना का दिसू नये?

परक्या देशात गेलेल्या त्या पोराचे पहिले दिवस डोळ्यांसमोर आणा. तोंडात फक्त मराठी. थंडी अनोळखी, अन्न अनोळखी, कुशीत घेणाऱ्या बाईचा वासही अनोळखी. बालगृहात वाढलेली अनेक मुले जेवताना पावाचा तुकडा गुपचूप उशीखाली दडवतात, कारण उद्या मिळेल याची खात्री त्यांना कुणी दिलेली नसते. तिकडची समंजस आई तो तुकडा काढून घेत नाही. 'भूक लागली का', 'दुखतंय का', 'शू लागली का' एवढी मराठी ती आधी घोकून आलेली असते. मूल आदळआपट करते, चावते, रात्री किंचाळत उठते. चांगले आईबाप त्याला कृतघ्न म्हणत नाहीत. सल्लागाराकडे जातात, महिनोन्महिने धीर धरतात, आणि तू कुठून आलास हे त्याला पहिल्यापासून सांगतात.

आणि आपण? आपल्याकडे पोटाला उशी बांधून गरोदरपणाचे सोंग आणणाऱ्या बायका आहेत, कारण सासरला 'आपलेच रक्त' दाखवायचे असते. बारशाच्या पंगतीत 'कुणाचं असेल हो?' असे कुजबुजणारे सोयरे आहेत. मोठे मूल घरी नेऊन, ते रुळत नाही म्हणून काही महिन्यांत संस्थेच्या दारात परत सोडणारी सुशिक्षित जोडपी आहेत. एकदा टाकलेल्या लेकराला दुसऱ्यांदा टाकणे यापरते क्रौर्य कोणते?

ज्यांच्या जयंत्या आपण वाजतगाजत साजऱ्या करतो, त्या जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुढे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी पोटाशी धरला, डॉक्टर केला. 1890 साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत दत्तकपुत्राच्या हक्कावरून भाऊबंद आडवे आले, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले. त्या घटनेला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. भाऊबंद अजून तिथेच उभे आहेत!

परदेश म्हणजे स्वर्ग, असेही आम्ही म्हणणार नाही. पुण्याच्या 'प्रीत मंदिर' या दत्तक संस्थेच्या प्रकरणाची चौकशी सीबीआयकडे गेली, तेव्हा दत्तकाच्या नावाखाली काय चालू शकते ते महाराष्ट्राने पाहिले. तान्हेपणी पुण्याहून जर्मनीला गेलेल्या अरुण डोहले यांना आपल्या जन्मदात्रीचा माग काढण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. म्हणून शासनाला आमचे बजावणे आहे: बालकल्याण समित्यांची एकही जागा रिकामी ठेवू नका. सोडून दिलेल्या बालकाला दत्तकासाठी मोकळे ठरवण्याची मुदत कायद्याने दोन किंवा चार महिन्यांची ठेवली आहे, ती पाळा. फायलीवर धूळ साचते तेवढे पोराचे वय वाढते आणि दारे बंद होतात. परदेशी जाणाऱ्या मुलाची मनाची तयारी करून घ्या, दोन वर्षांचे पाठपुराव्याचे अहवाल खरोखर वाचा, आणि त्याच्या जन्माची नोंद जपा. मोठेपणी ती मागणे हा त्याचा हक्क आहे.

पुण्याच्या 'श्रीवत्स' संस्थेतून 1979 साली दत्तक गेलेली एक तान्ही मुलगी पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. लिसा स्थळेकर तिचे नाव. तिच्या विक्रमांना आपण आज टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवणाऱ्या हातांनी एक लेकरू उचलून घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.

मूल सांभाळणे अशक्य झालेल्या आयांनो, त्याला काटेरी झुडपात वा कालव्याकाठी टाकू नका. बालकल्याण समितीकडे ते सोपवणे गुन्हा नाही. फेरविचाराला कायदा साठ दिवस देतो, आणि 1098 हा क्रमांक रात्रीही लागतो. आणि रांगेतल्या दांपत्यांनो, अर्जातला वयाचा रकाना आजच उघडा, दोनवरून आठवर न्या. तुमचे मूल कदाचित सहा वर्षांचे आहे आणि मराठीच बोलते आहे. परदेशातून दुसरे कुणी त्याला न्यायला येण्याआधी तुम्ही जा!