पालक म्हणजे मालक नव्हे!

बाप वारला की सातबाऱ्यावर लेकराचे नाव लागते आणि त्याला जोडून तीन अक्षरे येतात : अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ज्याच्या नावाने ही अक्षरे लागली तोच जमिनीचा धनी झाला, असा समज गावोगाव आहे. फलटण तालुक्यात निरा उजव्या कालव्याच्या पाण्याने आणि पालखी महामार्गाने गुंठ्यालाही मोल आले आहे. अशा ठिकाणी हा गैरसमज लेकराला भूमिहीन करतो. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, पालनकर्ता हा राखणदार आहे, मालक नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली, त्याच बिलाचा हा एक भाग. नावात हिंदू असले तरी कलम ३ प्रमाणे तो बौद्धांनाही लागू आहे. कलम ८ सांगते की, खुद्द आईबापालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय अज्ञानाची जमीन विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येत नाही. चुलता किंवा मामा निव्वळ सांभाळ करतो म्हणून त्याला तर व्यवहाराचा अधिकारच नाही, हे कलम ११. आईबापाने विनापरवाना विक्री केली असेल, तर मूल सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत ती रद्द करून मागता येते. ही मुदत किती जणांना ठाऊक आहे?

पळवाटही आहे. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त हिश्श्याला कलम ८ लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरवले. म्हणून नवरा वारल्यावर आमच्या भगिनींनी वाटप लांबणीवर टाकू नये.

आईच्या अधिकाराचे काय? कलम ६ म्हणते, आधी बाप आणि त्याच्यानंतर आई. गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा बापाची सही मागितली गेली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असे नव्हे. बाप लक्ष देत नसेल, तरी आई पालक ठरते. मात्र कायद्यातले शब्द आजही तेच आहेत.

मोठ्या माणसांची स्थिती आणखी बिकट. मतिमंद भावाचा अंगठा घेऊन हक्कसोडपत्र करणे ही सरळ लूट आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायद्याने (१९९९) जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती पालक नेमते. पण मनोरुग्णाच्या मिळकतीसाठी पालक नेमण्याची १९८७ च्या कायद्यातील तरतूद २०१७ च्या कायद्याने गेली. कोमातील माणसासाठी तर स्वतंत्र कायदाच नाही. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशा पतीची पालक म्हणून पत्नीला नेमले, ते आपल्या खास अधिकारात. उच्च न्यायालय गाठणे शेतमजूर बाईला झेपेल काय?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मर्यादित पालकत्व आणले. पालकाने त्या माणसाला विचारून, त्याच्यासोबत निर्णय घ्यायचा, हा त्याचा गाभा. ‘तुम्हाला काय कळते, आम्ही ठरवतो’ हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. तेच आपण आपल्या घरातल्या दुबळ्याला ऐकवायचे काय?

आमच्या मागण्या साध्या आहेत. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे न्यायालय मागेल तरच पालक सहा महिन्यांत मिळकतीची यादी देतो, मागेल तेव्हा हिशेब देतो. न्यायालयाने प्रत्येक प्रकरणात दोन्ही मागावेत. न्यासाच्या समितीने फलटणलाही बैठक घ्यावी. अपंग लेकराला घेऊन म्हाताऱ्या आईने साताऱ्याच्या खेपा का घालाव्यात?

आणि बांधवांनो, वकिलाच्या फीची भीती बाळगू नका. महिला, बालके, अपंग आणि अनुसूचित जातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. आधी सातबारा काढा आणि अ. पा. क. कुणाच्या नावाने आहे ते पाहा. लेकरू सज्ञान होईपर्यंत जमीन शाबूत राहिली, तरच त्याचा हक्क शाबूत राहील.